आधी माझं मला कळू दे

काल मुग्धानं सीताफळाची वाटी बोटानं दूर सारली आणि माझ्या जिभेवर आलेला प्रश्न मी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकला. मुग्धा माझी सून. मागच्या वर्षी याच दिवसांत दौलताबादच्या रस्त्यावरून आणलेली अख्खी टोपली आम्ही दोघींनीच फस्त केली होती आणि घरातल्या पुरुषांच्या वाट्याला नुसत्या बिया आल्या होत्या. या वर्षी म्हणाली, नको आई, वास येतोय. सीताफळाला कसला आलाय वास? मी वाटी उचलली, आत नेऊन झाकून ठेवली आणि ओट्याशी उगाच भांडी लावत उभी राहिले. लावलेलीच भांडी पुन्हा लावली.

तिच्या मोबाइलवर सगळं असतं. कुठले दिवस महत्त्वाचे, कुठल्या तारखेला वाट बघायची, ते तो मोबाइल तिला सांगतो. उन्हाळ्यात तिनंच मला समोर बसवून सांगितलं होतं, की आम्ही प्रयत्न करतोय, पण आई, तुम्ही विचारू नका, काही असलं तर मीच सांगेन. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? पाळताना जीव जातो. परवा दुपारी ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, तेव्हाही तोच प्रश्न जिभेवर आला. मी पंखा कमी केला आणि आत निघून गेले. पण मी विचारणार नाही. या एका बाबतीत मी अगदी हट्टी आहे आणि तो हट्ट मला सीताफळाच्याच एका हंगामात लागला आहे.

तेव्हा या गावाला औरंगाबाद म्हणत. सिडकोत दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, पुढं वीतभर अंगण, मागं धुण्याची मोरी आणि तिच्यावर पत्र्याचं छप्पर. हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. मी दूध डेअरीत होते. सकाळी गावोगावचे कॅन यायचे, गंगापूरचे, कन्नडचे, पिशोरचे, आणि त्यांची झाकणं उघडून दूध तपासायचं हे माझं काम. झाकण उघडलं की आधी नाक, मग थर्मामीटर, मग बाकीच्या तपासण्या. माझ्या नाकाला डेअरीत मान होता. आंबायच्या बेतात असलेलं दूध मला झाकण पुरतं निघायच्या आधी कळायचं.

सासरे गेल्यावर सासूबाई गंगापूरकडच्या गावाहून आमच्याकडं राहायला आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई उंच, काटक, मिश्रीनं काळे झालेले दात आणि आवाज असा की शेतात चार बांध पलीकडं ऐकू जावा. शहरात आल्या तरी आवाज शेताचाच राहिला. बाई वाईट नव्हत्या. मी कामावर जाते याचं त्यांना कौतुकच होतं. पण त्यांच्याबरोबर घरात एक चटई आली, एक घोंगडी आणि एक पितळी पेला. माझ्या अडचणीच्या दिवसांत मी मागच्या दारी पत्र्याखाली त्या चटईवर बसायचं, त्या पेल्यानं पाणी प्यायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचं. आधी मी आणि हे दोघंच राहत होतो तेव्हा असलं काही नव्हतं. आत्याबाई आल्या आणि मीही मुकाट बसू लागले, कारण माझ्या आईच्या घरीही तेच होतं आणि नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईशी पहिल्याच महिन्यात कोण वाद घालणार?

गंमत अशी, की त्याच दिवसांत मी सकाळी डेअरीत जाऊन अर्ध्या जिल्ह्याचं दूध हाताळायची. ते दूध पिशव्यांतून साऱ्या शहरात जायचं, देवळांत जायचं, आमच्याही दारात यायचं. घरी आले की त्याच दुधाचं पातेलं मात्र मला शिवायचं नव्हतं. एकदा मी हे आत्याबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ते सरकारचं दूध असतं. मला हसू आलं आणि मी चटईवर जाऊन बसले.

शिवाशिवीचं मला तेवढं लागलं नाही, जेवढं दुसऱ्या गोष्टीचं लागलं. लग्नाला वर्षं होत चालली होती आणि मूल नव्हतं. मला मूल हवं होतं, अगदी रस्त्यात दुसऱ्याचं बाळ दिसलं तर पाय तिथंच थांबावेत इतकं हवं होतं. आणि प्रत्येक महिन्याला, मूल राहिलं नाही ही गोष्ट माझ्याबरोबरच साऱ्या गल्लीला कळायची. चटई पसरली की शेजारच्या नलूमावशींना भिंतीवरून दिसायचं. मधल्याच वारी ओल्या केसांनी कामाला निघाले की कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतल्या बायकांनाही कळायचं. कुणी टोचून बोललं नाही. नलूमावशी नुसत्या च् करायच्या, तेही मायेनं. आत्याबाई म्हणायच्या, बरं. एवढंच, बरं, आणि चटई झटकायला घ्यायच्या. त्या बरंची मला धास्ती बसली होती. रडायचं असलं तरी त्या चटईवर रडता यायचं नाही, कारण ती जागा उघडी होती.

एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, कुणाशी बोलायच्याही आधी, थर्मामीटर जिभेखाली धरायचा. बीज सुटलं की अंगातली उष्णता जराशी चढते आणि चढूनच राहते. पाळी यायची असली की पारा खाली येतो. दिवस राहिले असले तर तो उतरत नाही, तारीख उलटली तरी वरच राहतो. बीज सुटायच्या आधीचे दोन-चार दिवस जपा, म्हणाल्या, आणि मन घट्ट ठेवा. पारा वाचणं हे तर माझं रोजचंच काम. मला फार बरं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या अंगाची बातमी माझी मला वाचायला शिकवली होती.

आत्याबाईंनी दुसऱ्याच सकाळी मला पकडलं. अंथरुणात आडवी, तोंडात काचेची नळी. त्यांनी कपाळाला हात लावला आणि अंगात कसर आहे असं ठरवून टाकलं. थर्मामीटर तोंडात असल्यामुळं मला नाही म्हणता येईना, त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. त्या दिवसापासून मला रोज सकाळी गवती चहा, मिरे आणि कसल्याशा कडू पाल्याचा काढा सुरू झाला. हे हसायचे. मी नाक दाबून प्यायची आणि रिकामा पेला त्यांना दाखवायची. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती, आणि सांगितलं असतं तर रोज सकाळी त्याच मला पारा विचारत बसल्या असत्या.

त्या महिन्यांत मी एक शिकले. येणाऱ्या मुलाच्या खुणा आणि न येणाऱ्या मुलाच्या खुणा अगदी सारख्या असतात. छाती जड होते, दुखते. दुपारी डोळे मिटतात. चिडचिड होते, ओटीपोटात ओढ लागते, भूक जाते नाहीतर भलतंच खावंसं वाटतं. ही सगळी मंडळी पाळीच्या आधीही येतात आणि दिवस राहिले तरी येतात. मी दर महिन्याला त्यांना पाट मांडून बसवायची. आज कूस बदलताना दुखलं, म्हणजे नक्की. आज डाळीचा वास सोसला नाही, म्हणजे नक्कीच. मग एका सकाळी पारा खाली यायचा आणि संध्याकाळी चटई पसरायची. असं किती वेळा झालं ते मी आठवत नाही, मुद्दामच आठवत नाही.

मुग्धाच्या मोबाइललाही हे कळत नसणार. तो तारखा सांगतो, पण मधले ते दोन आठवडे कुणालाच टळत नाहीत. काल ती सीताफळाला नको म्हणाली ते खरंच वासामुळं असेल, किंवा नुसतं पोट बिघडलं असेल. मी विचारलं, तर तिला माझ्या डोळ्यांतली आशा सांभाळत बसावं लागेल आणि उद्या काही नसलं तर माझीच समजूत काढावी लागेल. हे मी दुसऱ्या बाजूनं भोगलं आहे. सांगते.

दसऱ्यानंतरचा महिना होता. सीताफळांच्या टोपल्या भरात होत्या. आत्याबाईंना गावाकडच्या बांधावरच्या झाडांची आठवण यायची, म्हणून हे पैठण गेटवरून पिशवी भरून आणायचे आणि आत्याबाई ती धान्याच्या डब्यात पिकत घालायच्या. सारं घर त्या गोड वासानं जड झालं होतं. एका सकाळी पारा उतरला. मी तो दोनदा बघितला, झटकून पुन्हा धरला. पुन्हा तेच. दुपारी डेअरीतच मला पाळी आली. घरी येताना मी बसमध्ये उभी होते आणि पुढचं सगळं मला दिसत होतं, चटई, पेला, नलूमावशींचं च्. आणि कुठं तरी सिडकोच्या वळणावर मी ठरवलं, की आता नाही. मूल व्हायचं तेव्हा होईल. पण माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही हे आधी मला कळेल, मग मी सांगेन त्याला. घरी आले, हातपाय धुतले आणि सरळ पीठ मळायला घेतलं.

यांना मी सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि आईला कळलं तर काय, असं विचारलं. कळायचं असतं तर मी बसलेच असते की, म्हटलं. पुढचे दिवस मी भाकरी केल्या, दूध तापवलं, तिन्हीसांजेला देवापुढं दिवाही लावला. पहिल्या दिव्याला काडी दोनदा विझली, खोटं कशाला बोलू? पण लावला. दूध नासलं नाही. ते नासणार नव्हतंच, दूध कशानं नासतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

ज्याचा मी विचारच केला नव्हता, ते पुढं झालं. आत्याबाईंची नजर चटईवर होती. चटई जागची हलली नाही, हे त्यांनी पाहिलं. आठवडा गेला. त्यांनी माझ्या हातून पाण्याची बादली काढून घेतली. काढ्यातले मिरे कमी झाले आणि त्यात गूळ आला. डब्यातलं सगळ्यात मोठं सीताफळ माझ्या ताटाशी येऊ लागलं. मी गाढवासारखी खात राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला माया आली असेल. मग एका रविवारी त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि पदराखालून हिरव्या खणाची घडी काढून माझ्या हातात ठेवली. चोरचोळी. दिवस राहिले की, बातमी चारचौघांत फुटायच्या आधी, गुपचूप द्यायची चोळी. ती तिसऱ्या महिन्यात देतात, पण आत्याबाईंना दम निघाला नव्हता. त्या एकट्या, वाट चुकत, गुलमंडीपर्यंत जाऊन खण घेऊन आल्या होत्या. आणि गुपचूप कसलं? नलूमावशींना दाखवून झाला होता आणि जीपनं जाणाऱ्या एकाबरोबर गंगापूरला माझ्या जावेलाही निरोप गेला होता.

खण हातात धरून मी उभी राहिले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि तो मला माझ्या हातानं पुसायचा होता. पण खोटं जगायची माझी तयारी नव्हती.

"आत्याबाई, मला काही नाही राहिलेलं. मला येऊन गेली. मी बसले नाही, इतकंच."

त्या बघत राहिल्या. त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांची नजर चुलीकडं गेली, देवाकडं गेली, माझ्या हातांकडं आली. मला वाटलं, आता तो शेतातला आवाज निघणार. तो निघाला नाही. त्या खाली बसल्या.

"कामून केलंस असं?"

"तुम्हाला सगळ्यांना माझ्याआधी कळतं म्हणून. मी चटईवर बसले की साऱ्या गल्लीला कळतं. मला माझं दुःखसुद्धा आधी माझ्यापाशी ठेवता येत नाही. पुढच्या महिन्यातही मी बसणार नाही. तुम्हाला राग आला तर मी चूल वेगळी करते, पण बसणार नाही."

आत्याबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. देवघर त्यांनी स्वतः पुसून काढलं, गोमूत्र शिंपडलं, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ज्वारी निवडत होते, तर त्या येऊन शेजारी बसल्या, मूठभर ज्वारी स्वतःपुढं ओढली आणि खाली मान घालूनच बोलू लागल्या.

"मला पैल्यांदा दिस गेलते तवा माझ्या सासूनं साऱ्या गावाला साखर वाटली. मी नको म्हणत व्हते. मला आतून नीट वाटत नव्हतं. महिन्यानं मी पुन्हा बाहीर बसले. समदं गाव बघून गेलं. बाया पाण्याला जाताना वाट वाकडी करून बघायच्या." त्यांनी एक खडा वेचून फेकला. "तवा वाटायचं, मातीखाली बसावं."

मी त्यांच्याकडं ज्वारीचं सूप सरकवलं. जाऊ निरोप मिळून भरल्या हातांनी यायची होती, तिला आत्याबाईंनीच उलटा निरोप धाडला. नलूमावशींना काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. चटई मात्र मागच्या दारीच गुंडाळून उभी राहिली, आणि आत्याबाई अधूनमधून तिच्याकडं बघायच्या. त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. देवाला त्या रोज माझ्या वतीनं हात जोडून क्षमा मागायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं.

दिवाळी झाली. थंडी पडू लागली, सीताफळं संपत आली, उरलेली होती ती काळी पडून तडकलेली. मी रोज पारा बघत होते आणि ठरवलं होतं, की या वेळी एकाही खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. खुणा आल्याच. छाती दुखू लागली, मी म्हटलं, दुखू दे. डेअरीत स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागली, म्हटलं, थंडी आहे. तोंडात सारखी तांब्याच्या भांड्यातल्या शिळ्या पाण्याची चव. मग तारखेच्या आधीच एका दुपारी गुलाबी ठिपका दिसला. मी न्हाणीत पाणी सोडून रडून घेतलं, या वेळी निदान दार लावून रडले. पण तो ठिपका तेवढाच राहिला आणि दुसऱ्या सकाळी पारा वरच होता.

एका सकाळी पिशोरचा कॅन उघडला आणि मी झाकण तिथंच टाकून मागं सरले. दूध खराब आहे, परत पाठवा, म्हटलं. कॅन उतरवणारे सलीमभाई वाकले, त्यांनी वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "बाई, दूध तो एकदम बढिया है. नाक को क्या हुआ आज?" मी तपासण्या केल्या. दूध चोख होतं. पुढचा कॅनही मला तसाच वाटला, त्याच्या पुढचाही. ज्या नाकावर डेअरी चालायची ते माझं नाक मला दगा देत होतं. सगळ्या कॅनच्या मध्ये, ओल्या फरशीवर मी उभी होते आणि माझे कान तापले. तरीही मी मनाला म्हटलं, थांब. पारा उतरेपर्यंत काही म्हणायचं नाही.

तारीख उलटली. पारा उतरला नाही. आणखी एक सकाळ, आणखी एक, आणि तो तिथंच. मग मी पैठण गेटजवळच्या एका लॅबमध्ये बाटली देऊन आले आणि संध्याकाळी चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल, त्या चिठ्ठीतलं मूल म्हणजे मुग्धाचा नवरा, काल तिनं दूर सारलेलं सीताफळ त्यानंच खाल्लं. बसस्टॉपवर उभी राहून मी ती चिठ्ठी वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. भोवती माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यातली पहिली बातमी, जी फक्त माझी होती. मी बस सोडून चालत घरी आले.

घराच्या मागच्या बाजूनं आले, कारण पुढं अंगणात आत्याबाई आणि नलूमावशी ऊन खाली गेलेलं असतानाही गप्पा मारत बसल्या होत्या. मोरीशी पाय धुताना आवाज आला. नलूमावशी विचारत होत्या, सून या महिन्यात दिसली नाही मागं, काही आहे का? मी हातातला तांब्या तसाच धरला. आत्याबाई मिश्री थुंकल्या. या बाईनं आयुष्यात कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि या गोष्टीत तर नाहीच, कारण या गोष्टीत खोटं बोललं की देव बाटतो अशी तिची पक्की समजूत होती.

"बसली व्हती की," आत्याबाई म्हणाल्या. "कालच न्हाली."

नलूमावशींनी च् केलं. मी आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. जरा वेळानं आत्याबाई आल्या. माझे ओले पाय बघून त्यांना समजलं, की मी ऐकलं. त्यांनी डब्यातून पीठ काढलं, परातीत घेतलं.

"भाकरी मी थापते. चार दिस झाले, तुला तव्याचा वास सोसंना, दिसतंय मला. तुला सांगायचं तवा सांग. मला घाई नाय."

मी तिथंच सांगितलं. यांना कळलं ते संध्याकाळची पाळी संपवून घरी आल्यावर.